इंजिनाचं दत्तकविधान

मराठी माणूस मोटारीचं बॉनेट दोनच प्रसंगी उघडतो. एक, स्वतःची गाडी बंद पडली म्हणजे. आणि दुसरा, दुसऱ्याची बंद पडली म्हणजे. पहिल्या प्रसंगी तो आत नुसता बघतो. दुसऱ्या प्रसंगी तो बघतो आणि सल्लाही देतो. "कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार," हा सल्ला आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षं सर्व रोगांवर चालला. सुंठीच्या काढ्यासारखा. गुण आला तर आपल्या हाताला यश, आणि नाही आला तर निदान अपाय तरी झाला नाही, एवढं समाधान.

अशा वातावरणात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला, जगात काही लोक आपल्या गाडीतलं चांगलं चालू असलेलं इंजिन आपण होऊन बाहेर काढतात आणि त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं, नव्या जमान्यातलं इंजिन बसवतात, हे ऐकून काय वाटलं असेल? ठणठणीत दात उपटून तिथे सोन्याचा बसवून घेणारे सावकार मी लहानपणी पाहिले होते. ही त्याच पंथातली माणसं असावीत, असं मला वाटलं. पण पुढे वाचत गेलो तसतसा लक्षात आलं, की प्रकरण दाताचं नाही, दत्तकाचं आहे. आणि दत्तक म्हटलं की इतिहास आला, भाऊबंदकी आली, कोर्टकचेरी आली, आणि "हा आपल्या घराण्याचा खरा वारस कसा?" असं विचारणारे काकाही आले.

या दत्तकविधानाचा आद्य अध्याय अमेरिकेतला. १९३२ साली हेन्री फोर्डनं आठ सिलिंडरांचं व्ही-आठ इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत आणलं. व्ही-आठ म्हणजे काय, तर पंगतीत समोरासमोर बसवलेले चार-चार जण, फक्त पाट जरा कलते मांडलेले. फोर्डच्या आधीच्या मॉडेल ए गाडीच्या इंजिनाची ताकद ४० अश्वशक्ती. या नव्याची ६५. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी साधा हिशेब केला. जुनी गाडी हलकी आहे आणि स्वस्त आहे. नवं इंजिन दणकट आहे आणि ठोकरलेल्या गाडीतून भंगारवाल्याकडे मिळतं. मग हे त्यात का घालू नये? घातलं. आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर जाऊन गाड्या पिटाळायला सुरुवात केली. १९३७ साली त्यांनी रीतसर संघटनाही काढली. पोरांच्या टवाळखोरीला घटना, अध्यक्ष आणि चिटणीस मिळाले, की तिला चळवळ म्हणतात.

पुढे हा नाद अटलांटिक ओलांडून विलायतेत गेला. इंग्रजांना गाडीचं अंग सुरेख घडवता येई आणि अमेरिकनांना इंजिन. त्यामुळं अशी स्थळं आपोआपच जुळू लागली. सिडनी ॲलर्ड नावाच्या इंग्रजानं आपल्या गाडीत कॅडिलॅकचं इंजिन बसवलं आणि १९५० साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा नंबर काढला. त्यानंतर आला टेक्ससचा कॅरॉल शेल्बी. हा गृहस्थ एके काळी कोंबड्या पाळत असे. कोंबड्या रोगानं मेल्या, धंदा बुडाला आणि पुढे शेल्बी शर्यतीत उतरला. १९५९ साली त्यानं ल मान्स जिंकली, मग हृदयविकारानं शर्यती सोडल्या आणि १९६२ साली एसी नावाच्या चिमुकल्या इंग्रज कंपनीच्या गाडीत फोर्डचं व्ही-आठ बसवलं. तीच कोब्रा. पहिली गाडी एकच होती. पण ज्या ज्या मासिकाचा माणूस ती चालवून बघायला येई, त्याच्यासाठी तिला वेगळा रंग फासत, म्हणजे गाड्या पुष्कळ आहेत असं वाटावं. एकच नऊवारी शालू पाच बहिणींनी पाच समारंभांना नेसावा, त्यातलाच प्रकार. हीच पहिली गाडी २०१६ साली लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. कोंबड्यांत एवढी बरकत नव्हती.

शेल्बीच्याच सल्ल्यानं १९६४ साली सनबीम टायगर निघाली. छोट्या सनबीममध्ये पुन्हा फोर्डचंच व्ही-आठ. जागा इतकी अपुरी, की कारखान्यात रंगवून तयार झालेल्या गाडीची इंजिनामागची पत्र्याची भिंत घणानं ठोकून मागं सारत, तेव्हा कुठे इंजिन आत बसे. दादरला लोकलच्या डब्यात शेवटचा माणूस ज्या पद्धतीनं आत जातो, तीच पद्धत. यातली खरी गंमत पुढेच आहे. १९६७ साली सनबीमची मालक कंपनी क्रायस्लरनं ताब्यात घेतली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्या हाडवैऱ्याचं, फोर्डचं, इंजिन असलेली गाडी आपल्या नावानं विकतो आहोत! आपलं स्वतःचं व्ही-आठ त्यात बसवावं, तर त्याचा डिस्ट्रिब्यूटर नेमका मागच्या बाजूला, जिथं आधीच घण घालावे लागत होते तिथं. गाडी बंद करावी लागली. घराण्याची अब्रू चार इंच जागेपायी गेली.

पण माझा जीव जडला तो या कोब्रा-टायगर मंडळींवर नाही. वाघ-नाग पाळण्याची आपली ऐपत नाही. माझा जीव जडला तो एम.जी.बी. नावाच्या दोन आसनी, उघड्या टपाच्या, मध्यमवर्गीय इंग्रज गाडीवर. याला एक घरगुती कारण आहे. ही गाडी आपल्या नात्यातली आहे. १९५५ साली निघालेल्या एम.जी.ए.मध्ये १४८९ सी.सी.चं बी-सीरिज इंजिन होतं. पुढे तेच इंजिन उत्तरपाड्याच्या कारखान्यात आपल्या ॲम्बॅसडरमध्ये बसलं आणि मंत्र्यांपासून मयतीपर्यंत सगळ्यांना घेऊन फिरलं. १९६२ साली एम.जी.बी. आली, तिचं १७९८ सी.सी.चं इंजिन याच घराण्यातलं. म्हणजे लंडनच्या रस्त्यानं केस उडवत जाणारी ही ललना आपल्या ॲम्बॅसडरची सख्खी चुलत बहीण. फक्त ती तिकडे राहिली आणि ही इकडे नांदायला येऊन अंगानं भरली.

एम.जी.बी. दिसायला देखणी, स्वभावानं गरीब, पण ताकद ९५ अश्वशक्ती. म्हणजे दिसण्याच्या मानानं बेताची. चालवणाऱ्याच्या गळ्यात मफलर वाऱ्यावर फडफडतो आहे आणि शेजारून एखादी चौकोनी कुटुंबाची गाडी सामानासकट पुढे निघून जाते आहे, हे दृश्य क्लेशकारकच. तेव्हा १९६७ साली कंपनीनं तिच्यात सहा सिलिंडरांचं लोखंडी इंजिन घातलं आणि तिला एम.जी.सी. म्हटलं. इंजिन जड. नाकापाशी एवढं वजन आल्यावर गाडी वळायला नाखूष झाली. टीकाकारांनी तिला सोलून काढली आणि दोन वर्षांत ती बंद झाली. इंग्लंडच्या आजच्या राजेसाहेबांनी युवराज असताना ही गाडी घेतली होती, एवढीच तिची पुण्याई. जोर वाढवताना वजन वाढवायचं नाही, हा धडा आमच्या आखाड्यातले वस्ताद फुकट द्यायचे. कंपनीला तो दोन वर्षांच्या खर्चात पडला.

हलकं आणि जोरदार असं इंजिन मुळात होतं कुठं? ते होतं अमेरिकेत, आणि आईबापांनी ते टाकून दिलं होतं. जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागानं १९६१ सालच्या गाड्यांसाठी साडेतीन लिटरचं संपूर्ण ॲल्युमिनियमचं व्ही-आठ काढलं. वजन सुमारे १४४ किलो. पण ॲल्युमिनियमचं ओतकाम कटकटीचं, खर्च जास्त, थंडीसाठी पाण्यात घालायच्या औषधांशीही त्याचं पटेना. दरम्यान लोखंडाचं पातळ ओतकाम करणं लोकांना जमू लागलं. तेव्हा तीन वर्षांत ब्यूइकनं या पोरावर पाणी सोडलं. मग इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट काही कामासाठी विस्कॉन्सिनमध्ये एका बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेले असताना त्यांना कारखान्यात हे इंजिन पडलेलं दिसलं. त्यांनी विचारपूस केली, पाठपुरावा केला आणि १९६५ साली ते बनवण्याचे हक्क रोव्हरनं घेतले. ज्यो टर्ली नावाचे ब्यूइकचे जुनेजाणते इंजिनियर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. तेही मदतीला विलायतेत आले. दत्तक मुलाबरोबर त्याची दाईही आली म्हणा ना!

पोरगं गुणी निघालं. १९६७ पासून रोव्हरच्या मोठ्या गाड्यांत ते रुळलं, १९७० साली रेंज रोव्हरमध्ये गेलं. त्याच्याच एका भावंडाचा सांगाडा घेऊन ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी शर्यतीचं इंजिन बनवलं आणि त्यावर जॅक ब्रॅबमनं १९६६ सालचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ज्यांनी टाकलं, त्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्र वाचलं असेल की नाही कोण जाणे!

आणि इथं आपल्या कथेत नायक प्रवेश करतो. केंट परगण्यातला केन कॉस्टेलो. हा मिनी गाड्यांच्या शर्यतीतला माणूस. १९७० च्या आसपास त्यानं हे रोव्हरचं व्ही-आठ एम.जी.बी.त बसवून बघितलं आणि ते बसलं. आठ सिलिंडरांचं असूनही वजन जुन्या चार सिलिंडरांच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच, त्यामुळं गाडीचं नाक जड होईना. कार्ब्युरेटर तेवढे उंच आल्यानं बॉनेटला टेंगूळ काढावं लागलं. त्या टेंगळासकट कॉस्टेलो गाड्या करून विकू लागला. तोपर्यंत एम.जी. आणि रोव्हर दोन्ही एकाच ब्रिटिश लेलँड नावाच्या अवाढव्य एकत्र कुटुंबात नांदत होत्या. एका खोलीत इंजिन, दुसऱ्या खोलीत गाडी, आणि दोघांचं लग्न लावलं कुणी, तर गल्लीतल्या तिसऱ्याच माणसानं! एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. माझ्या एका चुलत भावाला त्याच वाड्यातल्या माळ्यावर सायकल आहे, हे नगरहून आलेल्या पाहुण्यानं सांगितलं होतं.

लेलँडच्या वडीलधाऱ्यांनी कॉस्टेलोला गाडी घेऊन बोलावलं, गाडी उलटसुलट पाहिली आणि ॲबिंग्डनच्या एम.जी. कारखान्याला हुकूम सोडला, "आपणच करू या." ॲबिंग्डनच्या मंडळींनी कार्ब्युरेटर मागं सरकवून टेंगूळही घालवलं आणि ऑगस्ट १९७३ मध्ये १३७ अश्वशक्तीची एम.जी.बी. जी.टी. व्ही-आठ बाजारात आली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी तेल आवळलं. आमच्या घराण्यात मुहूर्त पाहणारे जे एक काका होते, त्यांची कुणी तरी लेलँडमध्ये नेमणूक केली असावी. १९७६ साली गाडी बंद झाली तेव्हा उण्यापुऱ्या २५९१ निघाल्या होत्या.

आता जरा कार्ब्युरेटरकडे वळायला हवं. कारण ज्या नव्या इंजिनाची ही कथा आहे, त्याचं नवेपण इथंच आहे. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळा अरुंद, म्हणून वेग जास्त. वेग जास्त, म्हणून दाब कमी. आणि दाब कमी झाला की शेजारच्या नळीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जाऊन फवारा होतो. फ्लिटचा पंप ज्यांनी मारला आहे त्यांना आणखी सांगायला नको. एम.जी.बी.वर असे दोन होते, एस.यू. कंपनीचे. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर बंधू मूळचे जोड्यांच्या व्यापारी घराण्यातले, आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या कार्ब्युरेटरात भाता होता तो चक्क चामड्याचा! मोटारीनं श्वास घ्यायचा तो चांभाराच्या कलेतून, हे मला फार आवडलं.

कार्ब्युरेटर हा जुन्या आचाऱ्यासारखा. मीठ मुठीनं टाकणार, पाणी डोळ्यांनी मापणार. स्वयंपाक बहुधा फक्कड होई, पण पावसाळी हवेत एक चव, थंडीत दुसरी, महाबळेश्वरच्या घाटात तिसरी. विमानात तर फारच फजिती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट विमानाच्या इंजिनात पेट्रोल पंपानं मोजून आत मारत, म्हणून ते खुशाल नाक खाली करून सूर मारी. इंग्रजांच्या स्पिटफायरनं तसंच केलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तळ सोडून वर जाई आणि इंजिन गुदमरे. १९४१ साली बिअट्रिस शिलिंग नावाच्या बाईंनी इंधनाच्या वाटेत बसवायची एक छोटीशी भोकाची चकती काढली आणि तात्पुरता इलाज केला. या बाई इंजिनियर होत्या आणि मोटारसायकलच्या शर्यती मारत. आपल्या घरी गॅसच्या शेगडीला पिन मारून ज्वाळा सुधारण्याचं काम ज्या करतात, त्यांच्याविषयीचा माझा आदर हे वाचून दुणावला.

पेट्रोल मोजून आत मारण्याची ही कला, म्हणजेच फ्यूएल इंजेक्शन, १९५४ साली मर्सिडीझ ३०० एस.एल.मध्ये आली, १९५७ साली शेव्हरोलेनं आणली. पण ती सारी यांत्रिक आणि महागडी. १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशनं तिला विजेचा मेंदू जोडला, तेव्हा खरं युग पालटलं. आणि मग धुराचे कायदे आले. धूर स्वच्छ करणारं यंत्र नळीत बसवायचं, तर एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत सांभाळायला हवं. मुठीनं मीठ टाकणाऱ्या आचाऱ्याला हे कसं जमणार? त्याला सन्मानानं निवृत्त करावं लागलं. आपल्याकडे २००० सालच्या सुमारास गाड्यांच्या पाठीवर "एम.पी.एफ.आय." अशी अक्षरं झळकू लागली, ती याचीच. त्यांचा अर्थ कुणी विचारत नसे. पण ज्याच्या गाडीवर ती नाहीत तो मनातून खट्टू असे. आणि "कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार" म्हणणारी एक संपूर्ण पिढी रस्त्याच्या कडेला निःशब्द उभी राहिली.

रोव्हरच्या दत्तक व्ही-आठनंही हा संस्कार घेतला. १९८२ साली ते इंजेक्शनसह १९० अश्वशक्ती देऊ लागलं. पुढे ३.९ लिटरचं झालं. त्याच्या हवेच्या वाटेत एक तापवलेली तार असते. हवा वाहिली की तार निवते, आणि ती पुन्हा तापवायला किती वीज लागली यावरून किती हवा आत गेली हे मेंदूला कळतं. पाणी किती तापलंय, पाय पॅडलवर किती दाबलाय, हेही त्याला समजतं. मग आठ पिचकाऱ्या किती सहस्रांश सेकंद उघडायच्या, ते तो ठरवतो. आमच्या घरी चहात साखर किती घालायची यावर याहून जास्त वेळ चर्चा चालते.

इकडे ॲबिंग्डनचं काय झालं? सप्टेंबर १९७९ मध्ये गावानं एम.जी.च्या ॲबिंग्डनमधल्या पन्नास वर्षांचा उत्सव केला. मिरवणूक निघाली, पताका लागल्या. उत्सव संपला, सोमवार उजाडला, आणि १० सप्टेंबरला लेलँडनं कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली. पाच लाखांहून जास्त गाड्या घडवलेले हात रिकामे झाले. गिरणगावात ज्यांनी भोंगे बंद होताना ऐकले आहेत, त्यांना या सोमवारचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतका वेळ मी थट्टा करतोय, पण या ठिकाणी माझी थट्टा जरा थांबते. व्ही-आठचा मुहूर्त चुकला याला हसता येतं. पण पन्नास वर्षांच्या सत्काराचा हार सुकायच्या आत घरी बसवलं, याला हसता येत नाही.

मात्र गाडी मेली नाही. लोकांनी ती मरू दिली नाही. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं जुने साचे गोळा करून एम.जी.बी.चे कोरे सांगाडे पुन्हा ठोकायला सुरुवात केली. १९८९ साली जपानच्या माझ्दानं एम.एक्स.-५ ही दोन आसनी उघडी गाडी काढली, जुन्या इंग्रज गाड्यांच्याच वळणाची, पण इंजेक्शनवाली आणि सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होणारी. ती धोधो खपली. तेव्हा रोव्हरला आठवलं, की ही तर आमचीच विद्या! १९९२ च्या ऑक्टोबरात, एम.जी.बी.ला तीस वर्षं झाली त्या वर्षी, तिनं एम.जी. आर.व्ही. ८ मांडली. जुन्याच सांगाड्याची सुधारलेली आवृत्ती, दारं आणि डिकीचं झाकण जुनंच, मागं टांग्यासारख्या पट्ट्यांच्या स्प्रिंगाही जुन्याच, आणि पोटात ३.९ लिटरचं इंजेक्शनचं व्ही-आठ, १९० अश्वशक्तीचं. मूळ गाडीच्या बरोबर दुप्पट. जे कॉस्टेलोनं वीस-बावीस वर्षांपूर्वी गल्लीत केलं, ते कंपनीनं लाकडी डॅशबोर्ड लावून दरबारात केलं. सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त कुठं गेल्या? जपानला! आणि पुढे त्यांतल्या कित्येक इंग्रजांनीच जुन्या बाजारातून परत विकत आणल्या. रत्नागिरीचा हापूस मुंबईहून विकत घेणारे आमचे रत्नागिरीचेच मेहुणे मला यावेळी आठवले.

आता घरोघरचे कॉस्टेलो काय करतात ते सांगतो. सांगाडा गंजलेली पण इंजिन शाबूत असलेली रेंज रोव्हर शोधायची, इंजिन उपसायचं, आणि सत्तरीतल्या एम.जी.बी.त उतरवायचं. हे वाक्य लिहायला जितकं सोपं, तितकं... असो. माझा एक भाचा बर्मिंगहॅमकडे असतो. त्यानं हा उद्योग आरंभला तेव्हा मला फोनवर म्हणाला, "मामा, दोन विकेंडचं काम आहे." ही गोष्ट दिवाळीतली. पुढच्या दिवाळीत मी चौकशी केली तेव्हा म्हणाला, "मामा, बॉनेट लागत नाहीये." इंजेक्शनचा वरचा हवापेटारा कार्ब्युरेटरहून उंच, तो बॉनेटला टेकतो. एक्झॉस्टच्या नळ्यांना वाट नाही, म्हणून आतल्या पत्र्याला भोकं पाडायची, आर.व्ही. ८ मध्ये कंपनीनं पाडली तशीच. जुना पेट्रोलपंप पाणक्यासारखा हळूहळू पाणी घालणारा. इंजेक्शनला सुमारे अडीच बारचा दाब हवा, म्हणजे दहापटीहून अधिक. म्हणून नवा पंप, नव्या नळ्या, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी आणखी एक नळी. रेडिएटर मोठा. गिअरबॉक्स दुसरी. जोर दुप्पट म्हणून ब्रेकही सुधारायचे. हे शेवटचं काम काही शूर लोक विसरतात आणि त्यांच्या विधवा गाडी विकायला काढतात.

सगळ्यात कठीण वायरिंग. १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.त बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असे. इंजेक्शनच्या मेंदूला नेमकं उलटं हवं. ते न बघता तारा जोडल्या, तर मेंदूचं क्षणात लोणचं! भाच्याची गाडी त्यानंतरची, म्हणून वाचला. तरीही तारांचा तो भेंडोळा पाहून त्याची बायको म्हणाली, "अहो, ही मोटार आहे की टेलिफोन एक्स्चेंज?"

आता मुख्य प्रश्न. इंजिन बदललं, तर गाडी तीच राहिली का? जुन्या मताचे लोक म्हणतात, नाही. इंजिन म्हणजे गाडीचं काळीज, ते गेलं की उरला पत्रा. इंग्लंडच्या वाहन-नोंदणी खात्यानं अनेक वर्षं या आध्यात्मिक प्रश्नाला सरकारी पद्धतीनं उत्तर दिलं होतं. गुणपत्रिका करून! मूळ सांगाड्याला पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? एक. फक्त एक. आठ गुण मिळाले की गाडी तीच, तिचा नंबर तोच. म्हणजे काळीज बदललेल्याला सरकार पास करत होतं, पण हाडं बदललेल्याची धडगत नव्हती. आपल्याकडे आर.सी. बुकात इंजिनाचा आणि चासीचा असे दोन्ही नंबर असतात आणि इंजिन बदलायला आर.टी.ओ.ची परवानगी लागते. हिंदू तत्त्वज्ञानाप्रमाणे आपण देह आणि आत्मा दोन्हींची नोंद ठेवतो.

मला विचाराल तर आमच्या वाड्यातला झोपाळा मी पुरावा म्हणून हजर करीन. त्याची फळी दोनदा बदलली, कड्या एकदा, आणि ज्या तुळईला तो टांगला होता ती वाड्याबरोबर गेली. तरी आजही त्याला "आजोबांचा झोपाळा" म्हणतात आणि त्यावर बसलं की पाय आपोआप आजोबांसारखा जमिनीला टेकून झोका घेतो. वस्तू कशामुळे तीच राहते? तिच्यावर कुणी तरी अजून बसतंय म्हणून. काचेत ठेवलेली, मूळ इंजिनाची, न चालणारी एम.जी.बी. वंदनीय आहे, तिला माझा लांबून नमस्कार. पण ॲबिंग्डनच्या माणसांनी ती नमस्कारासाठी घडवली नव्हती. त्यांनी ती रविवारी सकाळी बाहेर काढण्यासाठी घडवली होती. नव्या इंजिनानं ती बाहेर पडत असेल, तर त्या सोमवारचा थोडासा सूड उगवला गेला असं मी समजतो. आता तर तिच्यात विजेची मोटार बसवणारेही निघाले आहेत. त्यांच्यावर जुनी मंडळी चिडतात. कॉस्टेलोवरही कुणी तरी चिडलंच असेल.

मात्र एक पथ्य मला फार पसंत पडलं. यातले सुजाण लोक काढलेलं मूळ इंजिन भंगारात घालत नाहीत. तेल लावून, कापडात गुंडाळून, गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवतात. न जाणो, पुढे कुणाला गाडी पहिल्यासारखी करावीशी वाटली तर! दत्तक घ्यावा, जरूर घ्यावा. पण घरातल्या म्हाताऱ्याला बाहेर काढू नये, एवढं शहाणपण त्यात आहे.

भाच्याचं बॉनेट शेवटी लागलं. गाडी आता चालते, वळते, आणि मुख्य म्हणजे थांबतेही. जुनं इंजिन त्यानं बायकोच्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवलं आहे. ते तिथं किती दिवस राहील, हा प्रश्न मात्र कुठल्याच गुणपत्रिकेत बसत नाही.